घरात आता धूर नाही

१७ नोव्हेंबर, रविवार

दिंद्रुडच्या लग्नात आज माझा दम तुटला. नवरदेव घोड्यावर, परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापुढं थांबलेला, पोरं घामाघूम होऊन नाचत होती. अशा वेळी वरचा सूर लांबवायची एक जागा येते. ती क्लारनेटची, म्हणजे माझी. मी बँडमध्ये आलो तेव्हापासून ती कोणी घेतलेली नाही. आज सूर धरला आणि मधेच पोटातून खोकला उसळला. तोंडातून वाद्य सुटलं. सलीम मास्तरांनी तेवढ्यात ट्रंपेट चढवलं आणि जागा झाकली. नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. बँडमधल्या सगळ्यांना कळलं.

परत येताना टेम्पोत मास्तर बिडी पेटवत म्हणाले, "अंगद, बिडी कमी कर बे."

"तुमी बी वढताच की."

"मी मालक हाय. मी खोकलो तर मला काढनार कोन?"

ते हसले. बाकीचेही हसले. मला ते फार लागलं.

घरी उज्ज्वलाला सांगितलं. आम्हाला लेकरूबाळ नाही, जे सांगायचं ते तिलाच. तिनं बचत गटातून उरलेली ही वही काढून दिली. म्हणाली, "सोडायची तर लिहून सोडा. लिवलं की मानूस शब्दाला बांधला जातो."

तर लिहितो. आजपासून बिडी बंद.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

डोकं फुटायची वेळ आली. भाजी खारट म्हणून उज्ज्वलापुढं ताट आपटलं. भाजीत मीठ जास्त नव्हतं, मीच खोटं बोललो.

संध्याकाळी मोंढ्यातल्या मतीनच्या मोबाईलच्या दुकानात गेलो होतो, चार्जर घ्यायला. माझी अवस्था बघून त्यानं काउंटरखालून एक वस्तू काढली. पेनाएवढी, निळी, टोकाला दिवा.

"अंगदभाई, ह्ये वढा. वेप म्हनत्यात. धूर न्हाई, वाफ हाय. पानी उकळल्यावर येती, तशी. आंब्याची हाय."

"मंग काउंटरखाली कावून ठिवली?"

"बंदी हाय."

"बंदी कावून?"

"बिडी-सिगरेटवाल्यांचं नुसकान होतं ना! फक्त माझ्याकडून घेतली म्हनून कुठं बोलू नका."

एक झुरका घेतला. खोकला आला नाही. डोकं जागेवर आलं. खिशात टाकून आलो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

हे आधी का सुचलं नाही?

कपड्यांना वास नाही, मिशीला वास नाही. सकाळचा काळा बेडका बंद झाला. उज्ज्वला परवा माझ्या खांद्यावर डोकं टेकून टीव्ही बघत होती. किती वर्षांनी, ते आठवत नाही.

तिला लहानपणी दम लागायचा. चकलांब्याला, तिच्या माहेरी, तिच्या आईनं लग्नाआधीच सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. म्हणून बिडी मी कायम बाहेर, दारापुढं जाऊन ओढली. पाऊस असो, थंडी असो, पाहुणे बसलेले असोत. मला त्याचा कंटाळा यायचा, तिलाही माझं सारखं उठून जाणं आवडायचं नाही. आता ती कटकटच मिटली. माणूस घरात, पांघरुणात, बायकोजवळ बसून ओढू शकतो. धूरच नाही तर जायचं कशाला?

ती म्हणाली, "वास गोड येतोय."

३ डिसेंबर, मंगळवार

तलवाड्याचं लग्न झोकात झालं. खोकला एकदाही आला नाही. सूर लांबवायच्या जागी मी मास्तरांकडे मुद्दाम बघून वाजवलं. पहिल्याइतका लांबला नाही हे खरं, पण थंडी होती, क्लारनेटच्या तोंडाची पत्ती आखडते थंडीत.

टेम्पोत मास्तरांना म्हटलं, "फेका ती बिडी. छातीत डांबर चाललंय तुमच्या."

"आन तुझ्या छातीत काय चाललंय?"

"वाफ."

"कशाची?"

"पान्याची."

"पान्याला आंब्याचा वास येतो व्हय बे?"

अशा अडाणी माणसापुढं काय बोलायचं. वयानं मोठे आहेत. मग त्यांच्याच बंडलातली एक बिडी घेतली, नुसती संगतीला. असली एखादी मी धरत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

पहाटे डोळा उघडला तर खोलीत बारीक शिट्टी ऐकू येत होती. माझे कान तयार आहेत, मला झोपेतही सूर कळतो. अगदी वरचा, बारीक, सरळ नाही, तळाशी जरा घरघर. वाटलं खिडकीच्या फटीतून वारा येतोय. उठून फटीत कागद कोंबला. तरी शिट्टी चालूच. मग वाटलं माझ्याच छातीतून येतेय की काय. श्वास रोखून ऐकलं. माझा श्वास थांबला तरी शिट्टी थांबेना. म्हणजे माझी नाही. जिवाला बरं वाटलं.

शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज असेल.

१६ डिसेंबर, सोमवार

उज्ज्वलाचं काहीतरी बिनसलंय. थंडी मरणाची आणि ही खिडकी उघडी टाकते. मी लावतो, ती उघडते. आज मी म्हटलं, "मला बाधली थंडी तर क्लारनेट कोन वाजवील? तुजा भाऊ?"

ती म्हणाली, "मला... कोंदटतंय."

"फोडन्या कमी घाल मिरच्यांच्या."

खिडकी लावली. ती पाठ करून झोपली.

मलाही अलीकडे छाती भरल्यासारखी होते. झुरका घेतला की काही वेळ छातीभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं, काळीज धडधडतं. मग जातं. पूर्वी बिडी दिवसातून मोजून ओढायचो, कारण दर वेळी उठून बाहेर जावं लागायचं. हे मात्र हातातच असतं. आंघोळीला जाताना, जेवता जेवता, झोपेत कूस बदलताना. मतीनकडून दुसरी आणली, तसलीच निळी. पहिली लवकर संपली, बहुतेक खराब निघाली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

उज्ज्वला पूर्वी भांडताना एका दमात सात पिढ्या काढायची. हल्ली अर्धं वाक्य बोलते, थांबते, मग उरलेलं बोलते. कधी उरलेलं बोलतच नाही. राग धरायची नवी तऱ्हा दिसते. काल पाण्याचा हंडा घेऊन आली आणि दारातच बसली. मी म्हटलं, आत ये, गार वारं हाय. नुसता हात हलवला. बाहेरच बसली, कितीतरी वेळ.

मीही बोलावलं नाही परत. मी तिच्यासाठी बिडी सोडली. त्याचं तिला काही नाही.

४ जानेवारी, शनिवार

पौष लागला. लग्नं नाहीत. दिवसभर घरात रियाज आणि वाफ, दुसरं काम नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी उन्हाचा पट्टा येतो, त्यात वाफ इतकी सुंदर दिसते! उज्ज्वलाला दाखवायला हाक मारली. ती शेजारी गेली होती. दिवसभर शेजारीच असते हल्ली. माझ्या रियाजाचा कंटाळा आला असेल. मलाच आलाय. वरचा सूर गाठला की मागून श्वासच येत नाही. पत्त्या बदलून पाहिल्या. वाद्याचं बूच बदललं. वाद्य तेच, मी तोच, मग राहिलं काय?

११ जानेवारी, शनिवार

मास्तर आले होते. चहा पिताना उज्ज्वलाकडे बघत होते. मला आवडलं नाही. नंतर बाहेर येऊन म्हणाले, "भाभीला दम लागतोय का रे?"

"न्हाई."

"चहा गाळताना बाई थांबून थांबून श्वास घेतीय. माझी अम्मी अशीच करायची. डाक्टरला दाखीव."

"मास्तर, माझ्या घरातलं मी बघतो."

 त्यांनी बिडी पेटवली आणि दोन पावलं लांब जाऊन ओढली. मला हसू आलं. धूर सोडणारा माणूस मला बायकोच्या दम्याचं शिकवतो. त्यांचा खरा राग वेगळा आहे. मी सोडली, त्यांच्याच्यानं सुटत नाही, हे त्यांना बघवत नाही.

उज्ज्वलाला विचारलं, "दम लागतो का गं?"

ती म्हणाली, "लागला तर... काय कराल?"

हे काय उत्तर झालं?

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. ती वाणवसा घेऊन बायांबरोबर देवळात गेली नाही. गल्लीतल्या ताराबाई बोलवायला आल्या, तर म्हणाली चढ चढवत नाही. कुठला चढ? आमच्या गल्लीतून देवळापर्यंत असा कितीसा चढ?

रात्री तिळगूळ दिला मला. गोड बोला म्हणाली. मी खरोखर ठरवलं होतं गोड बोलायचं. पण तिनं माझ्या हातातली वेप काढून घेतली आणि उंबऱ्याबाहेर ठेवली. मी उठून परत आणली. म्हटलं, "बिडी बी सोडायची आन हे बी सोडायचं? मानसानं जगायचं कशावर?"

२० जानेवारी, सोमवार

काल सकाळी भाकरी थापता थापता उज्ज्वला काटवटीवर वाकली ती सरळ झालीच नाही. मला वाटलं काही शोधतेय. हात दोन्ही गुडघ्यांवर, मान पुढं, खांदे वर-खाली. तोंड उघडं, आवाज नाही. आणि मग आवाज आला. तीच शिट्टी. पहाटेची.

मी ओळखली. लगेच ओळखली, सुरासकट.

ओठ जांभळे पडले होते. मी मास्तरांना फोन केला. ते बँडचा टेम्पो घेऊन आले, ढोल तसेच मागं आदळत होते. माजलगावच्या डॉक्टरनं बीडला न्यायला सांगितलं. वाटेत तिनं माझा हात धरला नाही. तिनं टेम्पोची दांडी धरली होती.

२२ जानेवारी, बुधवार

बीडचा दवाखाना. आता तिला बरं आहे. औषधाची वाफ देतात, मास्क लावून.

आज छातीच्या डॉक्टर उज्मा मॅडमनी विचारलं, "घरात कोण ओढतं?"

"कोणी नाही," मी सांगितलं. "मी बिडी ओढत होतो, तीही सोडली." जरा अभिमानानंच सांगितलं.

उज्ज्वलाच्या तोंडाला मास्क होता. ती माझ्याकडे बघत होती. 

मागं मास्तर उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, एक मिनिट." माझ्या कोटाच्या खिशात हात घातला आणि निळी वेप काढून टेबलावर ठेवली. सगळ्यांसमोर. मी त्यांचा हात धरूसुद्धा शकलो नाही.

"हे खोलीत ओढता? यांच्या शेजारी बसून?"

"वाफ हाय ना मॅडम. पान्याची."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पाण्याची नाही. निकोटिन आहे, तेलकट द्रव आहे, वासाची रसायनं आहेत. तापली की त्यांचं आणखी काही होतं. आणि चोरून विकलेल्या वस्तूत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चार झुरक्यांत श्वासाच्या नळ्या आवळतात, आतून सुजतात. निरोगी माणसाला छाती भरल्यासारखी वाटते, काळीज धडधडतं. ज्याला दमा आहे त्याला दुसऱ्यानं सोडलेलीही त्रास देऊ शकते."

"मंग बिडीच बरी म्हना की."

"असं मी म्हणाले का? बिडीचा धूर जास्त वाईट, यात वाद नाही. डांबर, कॅन्सर, सगळं तिकडं जास्त. म्हणून हे चांगलं ठरत नाही." मग कागदावर काही लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "बिडी कुठं ओढत होता?"

"बाहेर. दारापुढं."

त्यांचा पेन थांबला. मग त्यांनी पुढं लिहिलं. 

माझीही फुंकर तपासली, नळीत जोरात फुंकायला लावून. मी म्हटलं, मी क्लारनेटवाला आहे, मशीन फुटेल. त्यांनी आकडा बघितला, परत फुंकायला लावलं, मग परत. म्हणाल्या, "ही साठीतल्या माणसाची फुंकर आहे. जुनी बिडी आणि नवी ही, दोन्ही मिळून."

मी चव्वेचाळीसचा आहे. मशीन जुनाट दिसत होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

उज्ज्वलाचा भाऊ उत्तरेश्वर आला आणि तिला चकलांब्याला घेऊन गेला. मला विचारलं नाही. सांगितलं. "दाजी, रानातल्या हवेत ठिवतो काही दिस." त्याची मेंढरं आहेत, घर गावाबाहेर माळावर.

जाताना मी तिला म्हटलं, "आधी बोलायचं तरी. मला काय सपान पडतंय?"

ती जीपमध्ये बसली होती. आता तिला पूर्ण वाक्य बोलता येत होतं. "खिडकी उघडली. दारात बसले. शेजारी जाऊन बसले. तुमच्या हातातून काढून बाहेर ठिवली. आनि कसं बोलायचं असतं?"

"तोंडानं."

"तोंडानं बोलायला दम लागतो," ती म्हणाली.

वेप मी मास्तरांसमोर नालीत फेकली. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. त्यांनीच आणलं हे सगळं माझ्यावर. सगळ्यांसमोर खिशात हात घालायची काय गरज होती?

३१ जानेवारी, शुक्रवार

मतीनकडे गेलो होतो, भांडायला. त्याला सगळं सांगितलं, बायको मरता मरता वाचली म्हटलं. तो घाबरला. म्हणाला, "अंगदभाई, माझं नाव सांगितलं का डाक्टरला?" तेवढंच विचारलं.

भांडलो, आणि येताना नवीन घेऊन आलो. लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. ही दुसऱ्या रंगाची आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

परत तलवाडा. मारुतीपुढं वरच्या सुराची जागा आली. मी क्लारनेट उचललं आणि छातीनं साफ नकार दिला. सूर फुटलाच नाही, नुसती हवा. नवरदेवाचा मामा म्हणाला, "काय बे, झोपला का?" मास्तरांनी ट्रंपेट चढवलं. आज मला एक गोष्ट दिसली. ते जागा घेत होते तेव्हा त्यांनाही दम पुरत नव्हता. त्यांच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या, डोळ्यांतून पाणी आलं होतं. तरी ओढून नेली जागा.

मग त्यांनी माझ्या हातात झांज दिली. "आज एवढं वाजीव. पुढचं पुढं बघू."

मी झांज वाजवली. सगळ्या वरातीत.

टेम्पोत म्हटलं, "क्लारनेट कोनाला देनार?"

"कोनालाच न्हाई. तुजी छाती भरून येईस्तोवर तसंच."

असं बोलतात. मनातून दुसरा माणूस ठरवलेला असणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

चकलांब्याला गेलो होतो. तिला आणायचीच असं ठरवून. नवी कोरी साडी घेतली.

उज्ज्वला माळावर मेंढरांमागं होती. मी लांबून बघितली तर ओळखली नाही. हातात काठी, पदर खोचलेला, एका मेंढीला ओरडून शिव्या देत होती. एका दमात. मी थांबून ऐकलं.

मला बघून हसली. खरंच हसली, मी खोटं लिहीत नाही. म्हणाली, "चला, वरल्या अंगाला पानी दावते मेंढरांना, तिथं बसून बोलू." आम्ही निघालो. ती चालता चालता बोलत होती: भावजय चांगली वागते, औषधाचा पंप रोज घेते, झोप लागते. मी हूं हूं करत होतो. मग हूंसुद्धा निघेना. ती पुढं गेली, थांबली, मी गाठली. पुन्हा पुढं गेली, पुन्हा थांबली. चढ काही मोठा नव्हता. शेवटी मी दगडावर बसलो. छातीवर पट्टा आवळलेला, डोळ्यांपुढं काजवे.

ती परत खाली आली. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वाकली. मला वाटलं, आता म्हणेल चला घरी. ती वास घेत होती.

"अजून चालूच हाय," ती म्हणाली.

"सोडली."

"कधी?"

मी पिशवीतली साडी काढून पुढं केली. ती तिथंच उभी राहिली, मेंढरं पांगत होती तरी. मग म्हणाली, "तुमी बिडी वढायला बाहेर जायचे, तवा मला वाईट वाटायचं. वाटायचं, ह्या मानसाला माझ्यापशी बसवत न्हाई. आता वाटतं, त्योच काय तो मान व्हता माझा."

"सोडतो म्हनलं ना."

"सोडा. मंग बगू." साडी तिनं हातात घेतली, हात फिरवला आणि परत माझ्या पिशवीत ठेवली. "तुमी बसा हितंच. चढू नका. मी पानी दावून येते."

ती वर गेली. मेंढरं गेली. मी बसून राहिलो. वरून तिचा आवाज येत होता, कोणाला तरी मोठ्यानं हाक मारत होती.

संध्याकाळी उत्तरेश्वरनं मोटारसायकलवर फाट्याला सोडलं. म्हणाला, "दाजी, पुढच्या बारीला येताना फोन करून या. ती रानात असती." बायकोला भेटायला फोन करून यायचं! मी हो म्हटलं.

एसटीत ओढली नाही. गेवराईला गाडी बदलताना ओढली नाही. माजलगाव येईपर्यंत खिशाला हातसुद्धा लावला नाही. हे तिला फोन करून सांगावं असं फार वाटलं. नंबर काढलाही होता. पण ती विचारणार, मग उतरल्यावर?

उतरल्यावर ओढली.